समुद्रतळाचा नकाशा: आधी आकार, मग नाव

भूशास्त्र किंवा भूगोलात पदवी घेतलेली गोव्यातली मुलं मला विचारतात, समुद्रतळाच्या नकाशांच्या कामात शिरायचं तर कुठून सुरुवात करावी? ताळगावला गोवा विद्यापीठ आहे, दोना पावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सरावाने येतंही. वेळ लागतो तो एका सवयीला: डोळ्यांना दिसलं ते वेगळं आणि आपण लावलेला अर्थ वेगळा ठेवायचा.

आधी विदा, म्हणजे मोजणीतून आलेला डेटा, तपासायला शिका. मल्टिबीम सोनार जहाजाखाली पंख्यासारखा ध्वनी पसरवतो आणि प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून खोली निघते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण तापमान आणि क्षारतेनुसार हा वेग बदलतो. तो नीट मोजला नाही तर सपाट तळही मोजलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना वर किंवा खाली वाकलेला दिसतो. असा वाक भूरूप म्हणून नकाशात जाता कामा नये.

मग वर्गीकरण. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियातल्या भूवैज्ञानिकांनी मिळून दोन टप्प्यांची पद्धत बसवली आहे, मला ती फार मोलाची वाटते. पहिल्या टप्प्यात फक्त आकार: उंचवटा, खळगा, घळ, कडा. तो कशामुळे झाला हे दुसऱ्या टप्प्यात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापुढच्या खंडउतारावर (खोल समुद्राकडे उतरत जाणाऱ्या तळावर) गाळातून वायू किंवा पाणी निसटून झालेले खळगे, म्हणजे पॉकमार्क, आढळले आहेत. पण म्हणून प्रत्येक गोल खळगा पॉकमार्क नव्हे. खडकाभोवती प्रवाहाने गाळ खरवडला तरी खळगा पडतो. गाळाखालचे थर दाखवणारा प्रोफायलर आणि गाळाचे नमुने पाहिल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे कारणाचा, रकाना भरू नका. 'अनिश्चित' लिहिणं हेही शास्त्रच. समुद्रतळावरून केबल कुठून न्यायची हे ठरवणाऱ्याला वायूचा धोका वेगळा आणि प्रवाहाचा वेगळा.

उंचवट्यांचंही तेच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती, त्यामुळे आज बुडालेला उंचवटा जुना प्रवाळ असेल किंवा वाळूची रांग. एकाला संरक्षण द्यायचं, दुसरीवर वाळूउपशाची मागणी येऊ शकते. जाळी कुठे अडकतात हे ट्रॉलरवाल्यांना जरूर विचारा. खडकाळ तळाचा तो चांगला सुगावा असतो.

सरावाला गेबको या जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची खोलीची माहिती घ्या. तिचा एकेक चौकोन सुमारे ४५० मीटरचा, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उथळ खंडमंचाची कड दिसेल, लहान खळगे नाही. त्यांच्यासाठी नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियाची मल्टिबीम विदा मोफत मिळते.