क्रिस्टी यामागुचीच्या संस्थेला मदत करायचीय? मग आधी एवढं बघून घ्या

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, पण क्रिस्टी यामागुची याच गावात वाढली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९९२ ला आल्बर्टव्हिलला तिनं फिगर स्केटिंगचं ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं आणि १९९६ ला ऑलवेज ड्रीम नावाची संस्था काढली. आता ही संस्था लहान मुलांच्या वाचनावर काम करते, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या केजीच्या वयाच्या मुलांना पुस्तकं द्यायची, ई-पुस्तकं भरलेला टॅब द्यायचा आणि आईबाबांनाही मुलांजवळ वाचत बसायची सवय लावायची. मला यातलं आईबाबांना सोबत घेणं सगळ्यात जास्त पटतं, कारण घरी कोणी वाचत नसेल तर पुस्तकं नुसती पडून राहतात.

पैसे द्यायच्या आधी आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) साइटवर करमुक्त संस्थांचा सर्च आहे तिथे नाव टाका. फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेनं दरवर्षी भरलेला हिशोब, मिळेल. त्यात किती पैसे आले, कार्यक्रमांवर किती गेले, पगारावर आणि फंडरेझिंगवर किती गेले ते सगळं असतं. एकाच वर्षाचा बघून ठरवू नका, दोन-तीन वर्षांचे शेजारी ठेवून बघा.

आता क्रिस्टीचा स्वतःचा धंदा संस्थेपेक्षा वेगळा आहे हे डोक्यात ठेवा. स्टार्स ऑन आइसचे शो, २००८ ला जिंकलेला टीव्हीवरचा डान्स शो, मुलांचं चित्रपुस्तक, स्वतःच्या मधल्या नावावरून काढलेला त्सुया हा कपड्यांचा ब्रँड, आणि २०२४ ला तिची बार्बी पण आली. कपड्यांच्या आणि पुस्तकाच्या कमाईतला काही भाग संस्थेला ठेवला होता, छानच आहे ते, पण तुम्ही टी-शर्ट घेतला म्हणून टॅक्समध्ये वजावट मिळत नाही. मुलीला बार्बी हवी असेल तर बार्बी म्हणूनच घ्या आणि दान थेट संस्थेला करा.

गालाचं, म्हणजे संस्थेच्या निधी जमवायच्या जेवणाच्या कार्यक्रमाचं, तिकीट घेताना पण हेच. समजा २०० डॉलरचं तिकीट आणि जेवण ८० चं, तर दान धरायचं फक्त १२०. एका वेळी २५० किंवा जास्त दिले तर संस्थेची लेखी पावती लागतेच, कार्डाचं स्टेटमेंट चालत नाही.

आणि ऑफिसात दानाचं मॅचिंग आहे का ते एचआरला विचाराच, असेल तर बऱ्याचदा तुमच्या १०० वर कंपनी अजून १०० घालते, फक्त पावती त्यांच्या तारखेच्या आत अपलोड करा.