हात चालतो, पाय अडतो: शिकणाऱ्याचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते असं ओळखा

बॅडमिंटन शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मनातल्या मनात दोन रांगा लावायचे, जमणारे आणि न जमणारे. एका मुलाने सर्व्ह दुसऱ्या प्रयत्नात हुबेहूब मारला, म्हणून त्याला पुढच्या गटात टाकलं. तीन महिन्यांनी तो होता तिथेच होता. आणि जिच्या रॅकेटला शटल लागायलाच दोन आठवडे गेले होते, ती त्याला कोर्टभर पळवत होती.

1954 मध्ये फ्लाइशमन आणि हेम्पेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वायुदलातल्या नवशिक्यांना हाताने दांडी आणि पायाने पट्टी हलवून दिवे जुळवायला लावले होते. समोरची मांडणी डोळ्यांनी चटकन उमगण्याचा फायदा सुरुवातीला दिसला. सराव वाढला तसा तो ओसरला, आणि हातापायांचा मेळ, हालचालीचा वेग यांचं वजन वाढलं. माझ्या त्या मुलाला सर्व्ह 'कळला' होता, इतकंच.

'हिच्या अंगातच खेळ आहे' असं आपण सरसकट म्हणतो, तेही सोडा. ज्याचा तोल उत्तम त्याचा हात चपळ असेलच असं नाही. म्हणून एकेक गोष्ट वेगळी तपासा.

आधी नजर. हसू नका, जिला मी 'संथ' ठरवलं होतं तिला चष्मा लागला होता.

मग तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. शिकणाऱ्याने अंगठा आणि बोट थोडं उघडं ठेवायचं, शून्याची खूण त्यांच्या मधोमध. न सांगता पट्टी सोडा आणि कुठे पकडली ते बघा. पट्टी सुटल्यापासून पकडेपर्यंतचा वेळ यावरून कळतो: 15 सेंटिमीटर म्हणजे साधारण 0.17 सेकंद, 20 म्हणजे 0.20. पाच वेळा करा, पहिला आकडा सोडून द्या. पट्टी सोडताना तुमची बोटं आधी हलतात आणि हुशार पोरं तीच बघतात, तेव्हा हात स्थिर ठेवा.

यानंतर शटल हाताने उंच फेका आणि रॅकेटशिवाय, डोक्याच्या वर, झेलायला सांगा. हात वेळेआधी मिटत असेल तर अडचण वेळ साधण्याची आहे. उभ्याने झेलता येतं पण दोन पावलं टाकून नाही, तर मेळाची. तोलासाठी एका पायावर उभं करा.

आता सराव बदला. पट्टी उशिरा पकडणाऱ्याला 'लवकर, लवकर' ओरडून काही होत नाही. तो वेळ सरावाने फारसा घटत नाही. त्याला अंदाज शिकवा. मुरलेले खेळाडू शटल निघण्याआधी समोरच्याचा हात वाचतात. मी शटल मारायच्या क्षणी थांबते आणि विचारते, 'कुठे जाणार होतं?' सुरुवातीला उत्तरं हमखास चुकतात, चुकू द्या.

वेळ न साधणाऱ्याला दोन मीटरवरून, एकाच उंचीने, हाताने शटल द्या. उंची बदलायची घाई नको.

मेळ कच्चा असेल तिथे मी बरीच वर्षं चुकले. पाय वेगळे घोटून घ्यायचे, हात वेगळे, आणि जोडायची वेळ आली की सगळं विस्कटायचं. हात आणि पाय एकाच वेळी चालायचे असतील तर हालचालीचे तुकडे करू नका, अख्खी हालचाल संथ करा. पाऊल, वळण, रॅकेट मागे, फटका, परत जागेवर, हे सगळं पाण्यात चालल्यासारखं, शटल न वापरता. जमलं की थोडा वेग, मग शटल.

महिन्याने पुन्हा तपासा, पण पहिल्या वेळचे आकडे शिकणाऱ्याला दाखवू नका. एकीला मी दाखवले, तर पुढचे चार दिवस ती शटल सोडून पट्टीचाच सराव करत बसली.