पाळणाघर सुरू करण्याची तयारी : आधी बदली मावशी, मग बाकी सारे

कोल्हापुरातल्या फुलेवाडीतील माझे पहिले पाळणाघर जूनमध्ये सुरू झाले आणि दिवाळीपूर्वी बंद पडले. जागा चांगली होती, कागदपत्रे पूर्ण होती, दोन ताई (शिक्षिका) आणि दोन मावशी (मदतनीस) मनापासून काम करीत होत्या. मात्र त्यांपैकी कोणी आले नाही तर त्या जागी उभी राहील अशी, पडताळणी झालेली आणि मुलांना ओळखणारी बदली मावशी मी नेमली नव्हती. जुलैच्या शेवटी पंचगंगेचे पाणी चढले, आंबेवाडी-चिखलीकडचा रस्ता बंद झाला आणि तिकडून येणारी एक ताई व एक मावशी अडकल्या. दुसऱ्या ताईंना ताप होता. सुट्टी जाहीर होण्याआधीच १९ मुले येऊन बसली होती, म्हणून मी शेजारच्या ओळखीच्या बाईंना मदतीला बोलावले. फाटकाची वरची कडी प्रत्येक वेळी लावायची असते, हे त्यांना सांगायचे राहून गेले. तीन वर्षांचा एक मुलगा बाहेर पडला आणि रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपाशी सापडला. गिरणीवाल्या काकांनी त्याला धरून ठेवले होते. पालकांनी एकेक करून मुले काढून घेतली आणि त्यांचे काहीही चुकले नाही. आता मी नव्याने सुरुवात करीत आहे. या कामात उतरू पाहणाऱ्यांसाठीही ही यादी लिहीत आहे.

जूनमध्ये केंद्र उघडायचे असेल तर तयारीला दिवाळी संपताच लागावे. पहिले काम जागेचे. जागा पाहताना घरमालकाचे ऐकू नये. समोरच्या दुकानदाराला २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे आणि पूररेषेची खात्री महापालिकेच्या नगररचना विभागात करून घ्यावी. तळमजला हवाच, पण पाणी येणारा तळमजला नको. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली महापालिकेची परवानगी, प्रत्यक्ष पाहावे, घरफाळ्याच्या पावतीवर वापर निवासी लिहिला आहे की अन्य ते वाचावे आणि तो बदलून घ्यावा लागणार असेल तर त्याचा खर्च कोण करणार हे भाडेकरारातच लिहून घ्यावे. मुलांच्या उंचीची संडास-बेसिन, दोन्ही बाजूंनी बंद होणारे फाटक, झाकण असलेली पाण्याची टाकी या गोष्टी उघडच आहेत. रंग, चित्रे, खेळणी यांविषयी मी काही लिहीत नाही; ते सर्वांना येते आणि त्यातच सर्वांचा वेळ जातो.

कागदपत्रांत अग्निसुरक्षेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतीत आग विझवण्याची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. लाल नळकांडे भिंतीवर टांगून हे काम संपत नाही. ‘शॉप ॲक्ट’खाली, म्हणजे दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखाली, ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर केवळ सूचना द्यावी लागते, ते काम ऑनलाइन होते. स्वयंपाक केंद्रातच होणार असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी. ३ ते ६ वयोगटाच्या खासगी केंद्रांची माहिती शालेय शिक्षण विभागाने २०२५ पासून पोर्टलवर नोंदवून घेण्यास सुरुवात केली आहे; ती नोंदणी पुढे ढकलू नये.

आता माणसांविषयी. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, आणि पाळणाघरांविषयीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक व्यक्ती असावी. बहुतेक जण हे प्रमाण नेमणुकीच्या दिवशी मोजतात. मीही तसेच मोजले होते. प्रत्यक्षात ते रोज सकाळी हजर असलेल्या माणसांवर मोजायचे असते, आणि एक जरी गैरहजर असेल तरी ते मोडते. म्हणून चार जणींची गरज असेल तर सहा जणी तयार ठेवाव्यात. त्यांतल्या दोन बदली असतील आणि त्या पाण्याच्या अलीकडे, शक्यतो चालत येता येईल इतक्या अंतरावर राहणाऱ्या असाव्यात.

बदली मावशी ऐन वेळी शोधता येत नाही, कारण ‘पॉक्सो’ (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) नियम, २०२० प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने, आणि त्यात पाळणाघरांचा स्पष्ट उल्लेख आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. कर्मचारी कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडलोट करणारा, कोणालाही सूट नाही. पडताळणीला वेळ लागतो. पूर आल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन ती होत नाही. म्हणून बदली मावशीचा अर्ज कायम मावशीच्या अर्जाबरोबरच, त्याच दिवशी करावा. तिला महिन्यातून दोन दिवस कामाला बोलवावे आणि त्या दिवसांचे पूर्ण पैसे द्यावेत. हा खर्च मला पहिल्या वेळी अनावश्यक वाटला होता. त्या दोन दिवसांत तिला मुलांची नावे कळतात, फाटकाची कडी कळते, कोणाला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठते ते कळते. आपल्याकडे उसळीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात कूट पडते, त्यामुळे हे शेवटचे तिला सांगायचे राहिले तर दुपारचा डबाच धोक्याचा ठरतो. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे तर देऊच नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

पालकांकडून जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि मुलाला न्यायला येणाऱ्या तीन व्यक्तींची छायाचित्रांसह लेखी यादी घ्यावी. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण हवीत, त्या हिशेबाने नर्सरीला तीन पूर्ण हवीत. अडीच वर्षांच्या मुलाला नर्सरीत बसवण्याचा आग्रह पालक करतात, तो मानू नये, कारण मग माणसांचे प्रमाणही चुकते. न्यायला येणाऱ्या तिघांपैकी एक व्यक्ती शहरातच असणारी हवी. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारे अनेक पालक २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग बंद झाल्यावर पाण्याच्या पलीकडे अडकले होते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. माझा आताचा नियम असा की ३९ फूट झाले त्याच संध्याकाळी बदली मावशींना निरोप द्यायचा आणि पाण्यापलीकडून येणाऱ्या ताईंना दुसऱ्या दिवशी घरीच थांबायला सांगायचे. सकाळी फोन करत बसायचे नाही. सकाळी मी तेच केले होते.

उरलेले थोडक्यात. प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक भिंतीवर लावावा. पालकांच्या लेखी सूचनेशिवाय औषध देऊ नये. रिक्षाकाकांचा परवाना पाहावा. कॅमेरे लावावेत, पण कॅमेरा मूल सांभाळत नाही. आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव पहिल्याच महिन्यात घ्यावा आणि त्या दिवशी बदली मावशींनाही बोलवावे. फी, पावत्या, हजेरीपट यांचे ज्याला जसे जमेल तसे.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी हार-नारळ आणायला जाण्यापूर्वी दोन्ही बदली मावशींना फोन करावा आणि उद्या गरज पडली तर किती वाजेपर्यंत पोहोचाल, ते विचारून वहीत लिहून ठेवावे.