मूकपटाला मराठी निवेदनाची जोड देताना

अमेरिकेत घरकामाला राहिलेल्या जपानी स्थलांतरिताची फजिती रंगवणारा ‘हाशिमुरा तोगो’ (१९१७) हा किंवा त्याच जातकुळीचा एखादा मूक विनोदपट गोव्यातील वाचनालयात वा देवस्थानाच्या सभागृहात दाखवायचा असेल, तर पडद्यावरील इंग्रजी पाट्या नुसत्या वाचून दाखवू नयेत. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा निवेदक नेमावा. जपानमध्ये अशा निवेदकांना बेन्शी म्हणत, आणि कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही रीत परकी वाटणार नाही.

आधी वेग तपासावा. हजार फुटांचे रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने सुमारे साडेसोळा मिनिटे चालते, तर २४ चौकटींच्या गतीने अकरा मिनिटांतच संपते. म्हणून पात्रे सहजपणे चालताना दिसतील तोच वेग ठेवावा. पाटी पडद्यावर असेपर्यंत मराठी वाक्य संपले पाहिजे आणि हशाची जागा येण्यापूर्वी निवेदकाने गप्प बसले पाहिजे. (हे दुसरे बहुतेकांना जमत नाही.)

खरी कसोटी तोगोच्या बोलण्याची आहे. वॉलेस अर्विन या गोऱ्या अमेरिकन लेखकाने १९०७ पासून ‘कोलियर्स’ या अमेरिकन साप्ताहिकातील पत्रांतून हे पात्र उभे केले आणि त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवरच विनोद बेतला, पडद्यावर मात्र ते सेस्स्यू हायाकावा या जपानी नटाने साकारले, ज्याला त्याआधी १९१५ च्या ‘द चीट’मधील खलनायकाने प्रसिद्धी दिली होती. त्यामुळे पाटीपेक्षा नटाच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवावा आणि तोगोच्या तोंडी मोडके मराठी घालू नये. गोव्यात हा मोह अधिकच, कारण कोंकणी वळणाच्या मराठीवर आपल्या रंगमंचावर हमखास टाळी मिळते. त्याऐवजी तोगोला अतिनम्र, ग्रांथिक मराठी द्यावे आणि घरमालकांना रोजच्या व्यवहारातले. दोहोंच्या विसंगतीतून पिकणारे हसू त्याच्या परकेपणावर उठत नाही.

साथीला पेटी पुरेशी आहे, तबला केवळ धावपळीच्या प्रसंगांना घ्यावा. तोगो दिसताच ‘जपानी’ वाटणारी धून वाजवण्याची हौस पेटीवाल्याला आवरायला सांगावी.

जपानी मजुरांच्या अमेरिकेत येण्यावर १९०७-०८ च्या जपान-अमेरिका करारान्वये आलेले निर्बंध आणि १९२४ च्या कायद्याने जवळजवळ बंद झालेली दारे यांविषयी खेळ संपल्यावरच बोलावे; आधी सांगितल्यास प्रेक्षक हसायला कचरतात.