आयटीतल्या नोकरीसाठी सीव्ही लिहिताना या चुका टाळा

पुण्यात माझ्या टीमसाठी उमेदवारांच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे. ओळखीतली मुलंही सीव्ही घेऊन येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "इतक्या ठिकाणी पाठवला, काहीच होत नाही." तेव्हा मी आधी विचारतो, नेमकं अडतंय कुठे? फोनच येत नाही? फोन येतो, पण पहिल्या टेक्निकल राऊंडला गाडी थांबते? की ऑफर हातात आल्यावर व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या आणि जुन्या नोकरीच्या पडताळणीत घोळ होतो? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. नुसतं सीव्हीचं डिझाइन बदलून तिन्ही दुरुस्त होत नाहीत.

फोनच येत नाही

मोठ्या कंपन्यांत तुमचा सीव्ही माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते पीडीएफमधून मजकूर उचलतं आणि नाव, फोन, शिक्षण, स्किल्स अशा रकान्यांत भरतं. कॅनव्हावरचं दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट दिसायला छान असतं, पण मजकूर उचलताना डाव्या कॉलमातली ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळू शकते. फोन नंबर चित्राच्या स्वरूपात असेल, तर तो वाचलाच जात नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वाचताना गोंधळ वाटला, तर सॉफ्टवेअरचाही होणार. साधा एक कॉलम, काळी अक्षरं, ठळक मथळे एवढं पुरतं. फ्रेशर असाल तर एका पानात बसवा.

स्किल्ससमोरचे तारे आणि टक्क्यांच्या पट्ट्या काढून टाका. 'जावा ८०%' म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म, आधार आणि पॅन नंबर यांचंही काम नाही. आधार-पॅन तर अनोळखी हातांत जाणाऱ्या कागदावर लिहूच नयेत. शेवटची 'वरील माहिती खरी आहे' ही घोषणा आणि सही शासकीय अर्जाची सवय आहे, तीही इथे नको.

नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटर स्किल, अनुभव, शहर, नोटीस पिरियड असे फिल्टर लावून शोधतो. अलीकडे कोण सक्रिय होतं, हेही त्याला पाहता येतं. फाइल उत्तम असूनही प्रोफाइलचे रकाने रिकामे असतील, तर तुम्ही त्याच्या यादीत येतच नाही. दोन वर्षांपूर्वीचा बंद झालेला मोबाइल नंबर तिथे तसाच असलेले लोकही मी पाहिले आहेत.

फोन येतो, पण पहिल्या राऊंडला अडतं

माझ्या मते खरं नुकसान इथे होतं. समोर बसलेला माणूस सीव्हीतल्या ओळींवरूनच प्रश्न काढतो. ज्या ओळीवर तुम्ही दहा मिनिटं बोलू शकत नाही, ती ओळ लिहू नका. कॉलेजात एका सेमिस्टरला शिकलेलं सी प्लस प्लस 'येतं' म्हणून लिहिलं, की व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर कशासाठी, हे विचारलं जाणारच.

नावंही नीट लिहा. जावा आणि जावास्क्रिप्ट यांचा एकमेकांशी संबंध नाही. अँग्युलरजेएस आणि २०१६ पासूनचं अँग्युलर ही दोन वेगळी फ्रेमवर्क आहेत. इथे गफलत दिसली, की पुढचं सगळं संशयाने वाचलं जातं.

आता प्रोजेक्ट. मध्यंतरी एका मुलीचा सीव्ही पाहत होतो. तिने लिहिलं होतं, 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. जावा आणि मायएसक्यूएल वापरून विकसित केली.' असे सीव्ही शेकड्याने असतात. मी विचारलं, "यात तू स्वतः काय केलंस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, अपॉइंटमेंटचं मी केलं. एकाच डॉक्टरची एकच वेळ दोन पेशंटना मिळत होती, ते थांबवायला खूप वेळ गेला." कसं थांबवलंस? "डॉक्टर आणि वेळ या दोन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावला. म्हणजे तीच जोडी टेबलात दुसऱ्यांदा भरताच येत नाही."

सीव्हीत हेच यायला हवं होतं. चौघांच्या गटात अपॉइंटमेंटचा भाग माझा. दुहेरी बुकिंगची अडचण डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लावून सोडवली. दीड ओळ. यावर मुलाखत घेणारा लगेच विचारेल, अपॉइंटमेंट रद्द झाली तर? जुनी नोंद 'रद्द' म्हणून टेबलात राहिली, तर त्याच कन्स्ट्रेंटमुळे ती वेळ दुसऱ्याला देता येणार नाही. याचं उत्तर तिने घरी जाऊन शोधलं. पुढच्या मुलाखतीला ती स्वतःच्या हातच्या कामावर बोलणार होती.

मराठी माध्यमातून आलेल्यांना मी कळकळीने सांगतो, आधी काय केलं ते मराठीत लिहा, आपल्या भावाला सांगाल तसं. मग त्याचं साधं इंग्रजी करा. बनवलं, तपासलं, दुरुस्त केलं, वेग वाढवला, या क्रियापदांवर काम भागतं. चॅटजीपीटीकडून आलेले 'स्पिअरहेडेड', 'लिव्हरेज्ड' असे शब्द सीव्हीत असतात आणि बोलताना ते तोंडात येत नाहीत. मग समोरच्याला वाटतं, कामही दुसऱ्याचंच असेल. व्याकरण तपासायला चॅटजीपीटीची मदत जरूर घ्या.

गिटहबची, म्हणजे आपला कोड ठेवायच्या साइटची लिंक देणार असाल, तर आत काहीतरी हवं. प्रोजेक्ट काय आहे आणि चालवायचा कसा, हे सांगणारी रीडमी फाइल हवी. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) राहिली असेल, तर ती नुसती खोडून पुढचा कमिट केल्याने, म्हणजे नवा बदल साठवल्याने जात नाही, जुन्या इतिहासात दिसत राहते. ती की रद्द करून नवी घ्या.

ऑफर आल्यावर अडतं

मध्ये दोन वर्षं एमपीएससीची तयारी केली, हे लपवायला मुलं तारखा ओढूनताणून जुळवतात. गरज नाही. पुण्यात मुलाखत घेणाऱ्या निम्म्या पॅनेलच्या घरात कुणीतरी अभ्यासिकेत बसलेलं असतं. 'राज्यसेवा परीक्षेची तयारी' असं सरळ लिहा आणि त्याखाली गेल्या सहा महिन्यांत काय शिकलात, काय बनवलंत ते द्या. ५९.६ टक्क्यांचे ६० करू नका. सीजीपीएचे टक्के आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा, कारण गुणपत्रिका पुढे मागितली जाणारच आहे.

आणि पैसे घेऊन 'तीन वर्षांचा अनुभव देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मी हे तळमळीने लिहितोय, कारण कर्ज काढून असा अनुभव विकत घेतलेला मुलगा माझ्यासमोर बसलेला आहे. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेला सर्व्हर बंद पडला तेव्हा काय केलं, या साध्या प्रश्नावर त्याला पुढे जाता येईना. हुशार होता, फ्रेशर म्हणून आला असता तर मी त्याला घेतलं असतं. मुलाखत निभावली, तरी यूएएनवर, म्हणजे नोकऱ्या बदलल्या तरी कायम राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकावर, कुठल्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडली, याची नोंद दिसते. खोटं महिन्यांनी उघड झालं, तरी लागलेली नोकरी जाते.

खरा अनुभव असलेल्यांनीही दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तर ऑनलाइन फॉर्म आधी नाव मागतो. सीव्ही, पॅन आणि फॉर्म यांवर नावाचे भाग एकसारखेच बसतील असं पाहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. दुसरं म्हणजे, पीएफचं काम पाहणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख भरलेली आहे का ते बघा. ती रिकामी असेल, तर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला आहात असं दिसतं. पीएफची शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले, की ती तारीख तुम्हाला स्वतःला भरता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण तारीख रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने दिलेलं पत्र, समोर ठेवूनच भरा.