घशाच्या कॅन्सरचा ड्युअल एनर्जी सीटी वाचताना: नव्या रेसिडेंटसाठी

नाशिकला हेड-नेकच्या केसेस भरपूर बघायला मिळतात. सुरगाणा, पेठ, मालेगावकडून माणसं तंबाखूने पोखरलेले गाल घेऊन येतात. त्यांना स्कॅनच्या वेळी गाल फुगवायला सांगाच. गाल हिरडीला चिकटलेला राहिला, तर गाठ मुळात कुठली हे भारीतलं मशीनही सांगणार नाही.

ड्युअल एनर्जी सीटी म्हणजे दोन एनर्जींच्या एक्स-रेने घेतलेला स्कॅन; त्यातून हव्या त्या केईव्हीची (एक्स-रेच्या एनर्जीचं माप) इमेज बनवता येते. 70 केईव्हीची इमेज साध्या सीटीसारखी दिसते. 40 वर गाठ उजळते, कारण शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनची के-एज (जिथे ते एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतं ती एनर्जी) 33.2 केईव्हीला आहे. विंडो (दाखवायच्या करड्या छटांची रेंज) मात्र रुंद करा. दातात भरलेल्या चांदीमुळे इमेजवर पडणाऱ्या रेघा वरच्या केईव्हीला कमी होतात. एवढं लवकर जमतं.

मी सगळ्यात जास्त अडकले ते थायरॉइड कार्टिलेजवर, म्हणजे स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेवर. त्याचं सगळीकडे सारखं हाड झालेलं नसतं. हाड न झालेला तुकडा आणि गाठ साध्या सीटीवर जवळपास एकाच करड्या छटेच्या, त्यामुळे गाठ आत शिरलीय असंच वाटतं. आणि फरक केवढा! आतलाच कॉर्टेक्स (कार्टिलेजचा कडेचा थर) खाल्ला असेल तर गाठीची स्टेज टी3, बाहेरचाही ओलांडला तर टी4ए, आणि मग बहुतेकदा पूर्ण स्वरयंत्र काढायची चर्चा सुरू होते. तुमच्या एका ओळीवर कुणाचा तरी आवाज अवलंबून असतो.

आयोडीन मॅप (कुठे किती आयोडीन आहे ते रंगात दाखवणारी इमेज) इथे कामाला येतो: गाठ आयोडीन घेते, कार्टिलेज घेत नाही. पण नुसता रंग बघून रिपोर्ट लिहू नका. सूज आयोडीन घेते, रेडिएशननंतरची ऊतीही घेते. कार्टिलेज नुसतं पांढरं, घट्ट झालंय म्हणून गाठ शिरली असंही धरू नका. मॅपवर रंग दिसला की तीच जागा वरच्या केईव्हीच्या इमेजवर बघा. तिथे आयोडीनची चमक ओसरते. कार्टिलेज गाठीपेक्षा उजळ उरतं. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तरच ठाम लिहा.

सुरुवातीला काहीच दिसत नाही, घाबरू नका. नजर बसायला वेळ लागतो, सगळ्यांनाच. सीनियरचे रिपोर्टचे तयार टेम्प्लेट मला अजिबात पटत नाहीत. शेजारी बसवून 'काय दिसतंय?' विचारणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका.

ट्यूबकडून दोन एनर्जी देणाऱ्या मशीनवर हा मोड स्कॅनच्या आधीच निवडावा लागतो, नंतर मॅप मिळत नाही. म्हणून टेक्निशियनदादांना आदल्या दिवशीच केस सांगून ठेवा, आणि कन्सोलवरचा डेटा पुसायच्या आत सगळ्या इमेजेस पॅक्सवर (हॉस्पिटलच्या इमेज साठवायच्या सिस्टीमवर) पाठवून घ्या.