‘हर्बल’ क्रीमने गालांची आग आणि पुरळ: मला काय लागू पडलं

क्रीम लावलं की गालांची आग, रात्री जबड्याच्या कडेला बारीक लाल पुरळ. डबीवर मात्र ‘शंभर टक्के नैसर्गिक’. जीव मेटाकुटीला आला होता. महागडं दुसरं क्रीम, मुलतानी माती, हळद-लिंबू सगळं झालं. लिंबानं आणखी चुरचुरलं. (लिंबू लावून उन्हात गेलं की काळे डाग पडू शकतात, ते नकोच.)

उपाय असा. आधी चेहऱ्यावरचं सगळं बंद. फक्त कोमट पाणी आणि ओलसर त्वचेवर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून आणलेलं लाकडी घाण्याचं खोबरेल, दोन थेंब. मुरुमं येत असतील तर खोबरेल टाळा, छिद्रं बुजतात.

आग पूर्ण शमल्यावर डबीमागची घटकांची यादी वाचली. परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन, ही सगळी सुगंधाची नावं. शेवटची दोन लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या तेलातून येतात, म्हणजे नैसर्गिकच, तरी काहींना सोसत नाहीत. माझं दुखणं तिथंच होतं.

आता नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस. खाज नाही आली तरच चेहऱ्यावर, तीही एका वेळी एकच. बिनवासाचं साधं क्रीम आता छान चालतंय, आणि स्वस्तही पडतं.

सूज आली किंवा पुरळ पसरलं तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात कमी खर्चात दाखवता येतं.